माया ठेवणारे मास्तर

वय ५१, कंबर ३८ (बसल्यावर ३९ आणि वर थोडं), नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत. कपड्यांच्या बाबतीत माझी गाडी लग्नाच्या वर्षीच थांबली होती. मोतिया शर्ट, तपकिरी पॅन्ट, आणि पट्ट्याला दर दोन-तीन वर्षांनी एक भोक पुढं. मग १५ मार्च २०२४ चा शासन निर्णय आला. गुरुजींनी फिकट शर्ट, गडद पॅन्ट घालायची आणि शर्ट इन करायचा. रंगाचं काही नाही, तो तसाही फिकटच होता. पण इतकी वर्षं शर्ट बाहेर सोडून जे झाकलं होतं, ते सरकारनं एका कागदानं उघडं पाडलं.

मुलगी म्हणाली, "पप्पा, जरा बरं काहीतरी घ्या," आणि नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका शोरूममध्ये घेऊन गेली. तिथला पोरगा दर वाक्याला 'अंकल' म्हणत होता. ३६ चढेना. ३८ कमरेत बसली, पण मांडीला ढगळ आणि खाली टाचेवर लोळणारी. ट्रायल रूममध्ये चारी बाजूंनी आरसे. माझी पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. कंटाळून दोन पॅन्टी घेऊन टाकल्या. फळ्याच्या खालच्या अर्ध्यात लिहायला वाकलो की शर्ट बाहेर. तिसऱ्या आठवड्यात चौथीच्या वर्गात एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, मागं उसवलंय." उरलेला तास खुर्चीतच घेतला.

ती पॅन्ट घेऊन रविवार कारंज्याजवळच्या गल्लीतल्या शिंप्याकडे गेलो. जिना अरुंद, दुकान वर, मशिनी तीन. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, मलाही गावात मास्तर म्हणतात, त्यामुळं पहिली पाच मिनिटं कोण कुणाला हाक मारतंय कळेना. त्यांनी पॅन्ट उलटी केली, मागच्या शिवणीवर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, यात मायाच नाही. सोडू काय?"

मग स्वतःच्या हातची एक पॅन्ट उलटी करून दाखवली. मागच्या शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच कापड आत दुमडलेलं; हीच ती माया. कमरेचा पट्टासुद्धा मागं दोन तुकड्यांत जोडलेला, म्हणजे तेवढीच शिवण उसवून कंबर दोन इंच सहज वाढवता येते. माझ्या शोरूमच्या पॅन्टीला पट्टा अखंड होता आणि आत बोटभरही कापड नव्हतं.

माप घ्यायची त्यांची पद्धत सांगण्यासारखी आहे. टेप काढण्याआधी विचारलं, "बेंबीवर घालता की बेंबीखाली?" मी आजवर विचारच केला नव्हता. बेंबीखाली घालायचो, म्हणून पोट पट्ट्यावरून ओघळायचं आणि शर्ट सुटायचा. त्यांनी उभ्यानं माप घेतलं, मग स्टुलावर बसवून पुन्हा घेतलं, पट्टा बोटभर वर नेला आणि पुढं दोन्हीकडं एकेक प्लेट, म्हणजे कापडाची उभी घडी, टाकायचं ठरवलं. मला वाटलं, प्लेट म्हणजे म्हातारपण. "पोट असलेल्याला सपाट पॅन्ट घातली की खिसे कानासारखे बाहेर येतात," म्हणाले. खरंय, माझे यायचे.

५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर १.२० मीटर पुरतं असं दुकानदार सांगतात; मास्तरांनी १.३० आणायला लावलं. शिलाई पॅन्टीची ६००, शर्टाची ४५०.

पॅन्टीला दहापैकी दहा. बसलो, वाकलो, प्रार्थनेच्या ओळी आखायला उकिडवा बसलो, शर्ट जागेवर. शर्टाला सात. कॉलरमध्ये कॅनव्हास इतका कडक घातला की पहिल्या दोन धुण्यांपर्यंत मान वळवताना अख्खा मीच वळायचो. रविवारसाठी गडद निळ्या सुती कापडाचा बुशशर्टही शिवला, खालून सरळ, इन न करायचा. तो घालून बाजारात गेलो तर जुना विद्यार्थी ओळखायला जरा थांबला. मला आवडलं ते.

तक्रारी आहेत. गुरुवार सांगितला की पुढचा शनिवार धरा. दिवाळीआधी महिनाभर तर जाऊच नका. घालून बघायचा पडदा गुडघ्यापर्यंतच येतो आणि समोर बायकांच्या ब्लाउजची गिऱ्हाइकं बसलेली असतात.

परवा काळ्या पॅन्टीचं कापड द्यायला गेलो. वहीतलं माझं पान काढून पुन्हा टेप लावली. लांबी, मांडी, गुडघा, बॉटम सगळं बॉलपेननं लिहिलेलं. कंबर तेवढी पेन्सिलनं.