जुन्या लष्करी ट्रकची ट्रान्सफर केस: नुसतं नव्वद नंबर, सिंथेटिक की थेट कूलर?

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्सची शक्ती पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी गिअरची पेटी. तिला हात लावला आणि चटका बसला, की लोक लगेच तेल थंड करणारा कूलर शोधायला लागतात. पण चटका साठ अंशांच्या आसपासच बसतो, आणि गिअर ऑइल नव्वद-शंभर अंशांवरही निवांत काम करतं. तेव्हा पहिली खरेदी इन्फ्रारेड थर्मामीटरची, नाहीतर ड्रेन प्लगच्या (तेल काढायच्या बुचाच्या) जागी बसणाऱ्या तापमानाच्या सेन्सरची. तासभर सलग चालवून आकडा बघा, मग पुढचं वाचा.

उष्णता मुळात येते कुठून? गिअरच्या प्रत्येक जोडीत साधारण एक ते दोन टक्के शक्ती वाया जाते. १०० अश्वशक्ती जात असेल आणि दोन टक्के घट धरली, तर दीड किलोवॉट होतात. खोली गरम करणारा हीटर लोखंडी पेटीत बंद करून ठेवावा तसं. चालत्या ट्रकखालचा वारा यातली बरीच उष्णता नेतो, म्हणून बहुतेक ट्रक आयुष्यभर कूलरशिवाय चालले. कच्च्या रस्त्यासाठीचा फ्रंट ड्राइव्ह डांबरी रस्त्यावर लावून ठेवला, तर मात्र पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांशी भांडतात आणि तो सगळा ताण गिअरवर येतो. त्यावर कुठलंच तेल उपाय नाही, लिव्हर सोडवा.

नव्वद की एकशेचाळीस?

हे गिअर ऑइलच्या जाडपणाचे नंबर; १४० जास्त जाड. आवाज करणाऱ्या जुन्या केसमध्ये १४० घालायचा सल्ला हमखास मिळतो. आवाज कमी होतो हे खरं. पण जाड तेल घुसळायलाच जास्त शक्ती लागते, म्हणजे उष्णता वाढते, आणि थंड असताना ते वरच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं. बहुतेक जुन्या ट्रान्सफर केसमध्ये पंप नसतो. खालचा गिअर तेलात बुडतो, फिरताना तेल उडवतो, आणि वरच्या शाफ्टला मिळेल तेवढं मिळतं. माझं मत सरळ आहे: सतत कडक ऊन आणि जड ओझं असल्याशिवाय १४० नको. आवाज झिजलेल्या बेअरिंगचा असेल, तर १४० तो फक्त झाकतं.

'जास्त तेल बरं' म्हणून लेव्हल प्लगच्या (तेलाची पातळी दाखवणाऱ्या बुचाच्या) वर भरणंही तसंच. तेल फेसाळतं, तापतं आणि सीलमधून बाहेर येतं. ब्रीदर (केसमधली हवा बाहेर सोडणारं छिद्र) चिखलाने बुजला असेल तर आतला दाब वाढून नवं सीलही गळतं. हे दोन्ही तपासायला पैसे लागत नाहीत, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

विलिस एमबी जीपवाल्यांनी (लष्कराच्या कागदांत तोही पाव टनी 'ट्रक'च) एक लक्षात ठेवावं: गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस चिकटून आहेत, मधलं सील झिजलं की तेल एकातून दुसऱ्यात जातं. दोन्हींची लेव्हल एकाच वेळी बघा.

जीएल-४, जीएल-५ आणि सिंथेटिक

जीएल-४ आणि जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. आत पितळ-ब्रॉन्झचे बुश किंवा वॉशर असतील तर जीएल-५ जपून. त्यातले गंधक-फॉस्फरसचे घटक, खासकरून जास्त तापल्यावर, तांब्याच्या मिश्रधातूंना खाऊ शकतात. डब्यावर पिवळ्या धातूंना सुरक्षित असं लिहिलेलं नसेल, तर तिथे जीएल-४ बरं.

७५डब्ल्यू-९० (थंडीत पातळ, तापल्यावर ९० इतकंच जाड) सिंथेटिक थंडीत पटकन पोचतं आणि उष्णतेत जास्त टिकतं. तेलाचं तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ऑक्सिडेशनचा (हवेने तेल खराब होण्याचा) वेग साधारण दुप्पट होतो, त्यामुळे केस कायम तापत असेल तर हा फरक महत्त्वाचा. उणी बाजू: जुन्या, कडक झालेल्या सीलमधून ते लवकर झिरपतं. सील बदलणार असाल तर सिंथेटिक, नाहीतर साधं मिनरल ९० लवकर-लवकर बदला. ड्रेन प्लग चुंबकाचा घ्या. त्यावर राखाडी लेप ठीक, टोचणारे कण दिसले तर केस उघडा.

कूलर कोणाला?

एम३५ए२ सारखा (अमेरिकी लष्कराचा अडीच टनी) ट्रक तासन् तास हायवेला पाचव्या गिअरात पळवणाऱ्याला. तो गिअर ओव्हरड्राइव्ह आहे, म्हणजे ट्रान्सफर केसचा वरचा शाफ्ट इंजिनापेक्षाही वेगाने फिरतो. इथे पंप बसवण्याचा खरा फायदा थंडाव्याइतकाच तेल पोचवण्याचा असतो: तळातून ओढून परतीची नळी वरच्या बेअरिंगवर सोडायची. नुसत्या कूलरवर खर्च करून परतीचं तेल कुठेही सोडलं, तर अर्धं काम राहिलं.

विकत घेण्याआधी व्होल्टेज बघा. बाजारातले बहुतेक पंप १२ व्होल्टचे, एम३५ २४ व्होल्टचा आणि मूळ वायरिंगचा एमबी ६ व्होल्टचा. थंड, घट्ट गिअर ऑइल ओढताना पंपाची मोटर जळू शकते, म्हणून तेल थोडं तापल्यावर चालू करणारा थर्मोस्टॅटिक स्विच हवाच. आणि नळी फाटली तर तोच पंप केस रिकामी करेल, म्हणून डॅशबोर्डवर दाबाचा इशारा-दिवाही हवा. संचलनापुरता, रविवारचा फेरा मारणाऱ्या ट्रकला हा सगळा पसारा मी लावणार नाही.

ट्रक ओढून न्यायचा असेल तर प्रॉपेलर शाफ्ट (केसपासून चाकांकडे जाणारे) आधी काढा. इंजिन बंद असताना चाकं फिरली, की काही केसमध्ये खालचे शाफ्ट फिरत राहतात आणि वरच्या भागाला तेलाचा थेंबही मिळत नाही. चार बोल्ट सोडवायचा कंटाळा केला तर बेअरिंग जातं.