सुंता केलेलं आणि न केलेलं लिंग: फरक कुठे पडतो?

स्वच्छतेपुरतं बोलायचं तर फरक तांब्याभर पाण्याचा. सुंता न केलेल्या पुरुषाने आंघोळीच्या वेळी लिंगाच्या टोकावरची कातडी मागे घेऊन आत साचणारा पांढरट थर धुवावा आणि कातडी पुन्हा पुढे आणावी. ती मागेच अडकून सूज आली तर तातडीने दवाखाना गाठावा. तान्ह्या बाळाची कातडी मात्र आतून चिकटलेलीच असते. तेल लावून ती ओढू नका, जखम होते.

सुंता केलेल्यांना ही कटकट नाही. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडातल्या चाचण्यांत सुंता केलेल्यांमध्ये स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे ६० टक्क्यांनी घटली होती. तरी कंडोम लागतोच. शिवाय शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके असतात. काहींचं मूत्रद्वार नंतर अरुंद होतं.

मला खरी काळजी वाटते ती मधुमेहींची. लघवीतली साखर कातडीखाली राहते, बुरशी वाढते, कातडीला चिरा पडतात, मग ती मागे जाईनाशी होते. असं वारंवार झालं तर डॉक्टर सुंता सुचवतात, आणि ती टाळू नये. निरोगी माणसाने निव्वळ स्वच्छतेसाठी ती करून घ्यावी, असं मात्र मला वाटत नाही.