गावाच्या पाण्याचा हिशेब: माणसं आणि पाऊस कुठल्या सरकारी डेटातून घ्यावेत?

“मोखाडा तालुक्यातल्या चार गावांचा पाण्याचा आराखडा करायचाय. माणसं किती आणि पाऊस किती, हे आकडे कुठून उचलू?” दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हे विचारतंच. दोन्ही आकडे फुकट मिळतात, पण दोन-दोन ठिकाणी, आणि एकमेकांशी जुळत नाहीत.

आधी माणसं. २०११ ची जनगणना थेट गावापर्यंत उतरते: कुटुंबं, स्त्री-पुरुष, ० ते ६ वयाची मुलं, अनुसूचित जमाती, साक्षर, काम करणारे, सगळं एका एक्सेल फाइलीत. आकडे जुने आहेत, हे उघडच. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि गावनिहाय तक्ते त्यानंतरच येणार. पण मोखाड्यापुरती खरी मेख वेगळी आहे. २०११ ची गणती झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. तेव्हा इथली कित्येक कुटुंबं भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर असतात. त्यामुळे कागदावरचं गाव पावसाळ्यातल्या गावापेक्षा लहान असू शकतं.

शिवाय मोखाड्याचा आजचा पालघर जिल्हा २०११ च्या फाइलींत शोधत बसाल तर सापडणार नाही. तो झाला १ ऑगस्ट २०१४ ला. जनगणनेत मोखाडा ठाण्यात आहे. आणि आकडे नकाशाशी ज्यांवरून जोडायचे ते तालुक्यांचे पाच आकडी कोड आपल्याकडे शून्याने सुरू होतात. फाइल नीट न उघडल्यास एक्सेल ते शून्य गिळतं. नकाशाशी जोडणी का होत नाही म्हणून मी एकदा दोन दिवस डोकं आपटलंय. जोडणी गावाच्या नावावरून तर मुळीच करू नका. बुद्रुक-खुर्द आणि रोमन स्पेलिंगं मिळून हमखास घोळ घालतात.

दुसरा पर्याय युरोपीय आयोगाचा जीएचएस-पॉप, म्हणजे चौकोनाचौकोनाने लोकसंख्या दाखवणारा नकाशा. १०० मीटरचे चौकोन, १९७५ ते २०३० दर पाच वर्षांचे आकडे. दिसायला झकास, पण इथे दारोदार जाऊन कोणी मोजलेलं नाही. जनगणनेवर बेतलेले अंदाज उपग्रहाला बांधकाम दिसतं तिथे वाटून दिलेले असतात. पुण्याच्या कडेला फुगलेल्या वाघोलीसारख्या ठिकाणी मी हेच घेईन. तिथे २०११ चा आकडा सांगणं म्हणजे हसं करून घेणं. विखुरलेल्या पाड्यांच्या मोखाड्यात मात्र जनगणनाच, आणि ती गावातल्या आशाताईंच्या (आरोग्य कार्यकर्तीच्या) रजिस्टरशी ताडून.

आता पाऊस. पुण्याच्या हवामान खात्याकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकोनांत मिळतो. एक चौकोन साधारण २७ किलोमीटरचा. शंभर वर्षांचा कल बघायचा तर याला तोड नाही. पण चौकोन पाऊस सपाट करतो. २६ जुलै २००५ आठवा: सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी, कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही ठिकाणं एका चौकोनाच्या लांबीत मावतील. त्यातच पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून तो पाऊस २७ तारखेच्या नावावर चढतो. आठवणीतली तारीख शोधणारा इथे हमखास चुकतो.

कृषी विभागाचं महारेन हे संकेतस्थळ महसूल मंडळानुसार (तालुक्यातल्या काही गावांच्या गटानुसार) रोजचा पाऊस देतं. मालिका एवढी लांब नाही, पण आकडा तुमच्या गावाच्या बराच जवळचा. यंदा पावसाने कुठे ओढ दिली हे बघायला महारेन, सरासरी काढायला हवामान खातं. दोघांचे आकडे एकाच आलेखात सलग जोडू नका. स्रोत बदलतो त्या वर्षी पाऊस वाढल्याचा किंवा घटल्याचा भास होईल आणि तुम्ही त्याला हवामानबदल म्हणून मोकळे व्हाल!

नकाशांत फार अडायचं कारण नाही. गावांच्या हद्दी भारतीय सर्वेक्षण विभागाकडून घ्या, नोंदणी करावी लागते. जमिनीवर शेती कुठे, जंगल कुठे, हे इस्रोच्या भुवन या नकाशांच्या संकेतस्थळावर बघा. फक्त तो नकाशा १:५०,००० चा आहे, म्हणजे एका सेंटीमीटरला अर्धा किलोमीटर. कुठल्या पाड्याला विहीर द्यायची हे त्यावर बोट ठेवून सांगता येणार नाही, तिथे मे महिन्यात चालत जा.