इसबगोल साखरेसाठी घ्यायचं तर साधंच, आणि जेवणाला धरूनच

लठ्ठपणा आणि वाढलेली साखर जोडीने असली की फायबरचा डबा घरात येतोच. बहुतेकदा तो इसबगोलचा असतो: साधी भुशी, चवीची पावडर किंवा कॅप्सूल. आमचं मत साध्या भुशीला.

चवीच्या डब्याचं लेबल वाचा. साखर घातलेल्या प्रकारात 10-12 ग्रॅमच्या डोसात भुशी जेमतेम साडेतीन ग्रॅम, बाकी बहुतांश साखर. साखर आटोक्यात ठेवायला साखरच प्यायची, असा उफराटा कारभार! शुगर-फ्री पावडर चालेल. कॅप्सूलमध्ये साधारण अर्धा ग्रॅम भुशी मावते. 5 ग्रॅमसाठी दहा गिळत बसा. ‘फायबर’ म्हणून विकलं जाणारं इन्युलिन मात्र वेगळंच. ते पाण्यात विरघळतं पण घट्ट होत नाही, आणि इथे सगळा खेळ घट्ट होण्याचाच आहे.

भुशी पाणी धरून दाट, बुळबुळीत होते. त्यामुळे जठरातून अन्न सावकाश पुढे सरकतं, लहान आतड्यात ग्लुकोज हळू शोषलं जातं आणि जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. ही भुशी जेवणातल्या अन्नात मिसळली तरच हे घडणार. झोपताना घेतलेल्या चमच्याने सकाळी पोट साफ होईल, एवढंच.

सुरुवात एका जेवणाआधी 3 ग्रॅमने करावी आणि एक-दोन आठवड्यांत दोन जेवणांआधी 5-5 ग्रॅमपर्यंत जावं. घाई केली की पोट फुगतं. चमच्याचा अंदाज फसवा असतो, कारण बारीक पावडर त्याच चमच्यात जास्त बसते. छोटा वजनकाटा वापरा. दर वेळी किमान 240 मिली पाणी, ढवळून लगेच प्यायचं. रेंगाळलात तर पेल्यात खळ तयार होते. पाणी कमी पडलं तर भुशी घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकते. गिळायला त्रास होणाऱ्यांनी किंवा आतडं अरुंद झालेल्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.

गुण किती? साखर जितकी चढलेली, तितका फरक जास्त. मधुमेहात तो दिसतो, मधुमेहाच्या उंबरठ्यावर थोडा, साखर नॉर्मल असेल तर जवळपास नाहीच. वजन उतरलंच तर किरकोळ.

इतर गोळ्या आणि भुशी यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषधाचं शोषण कमी होऊ शकतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर भुशी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा आणि पहिले काही दिवस जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासा. इन्सुलिनचा किंवा त्या गोळीचा डोस डॉक्टरांना कमी करावा लागू शकतो.