चैत्रातली महात्मा फुले मंडई

गुढीपाडव्याच्या आधीच्या आठवड्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतची घरची खरेदी शुक्रवार पेठेतील महात्मा फुले मंडईतच करावी, असे माझे ठाम मत आहे, कारण पुण्यात वसंत आल्याची वर्दी येथे सर्वांत आधी मिळते. पाडव्याच्या आदल्या दिवशी भोवतालच्या रस्त्यांवर वेळूच्या काठ्या, साखरेच्या गाठी आणि कडुलिंबाचे डहाळे विकायला येतात. मग मोगऱ्याचे गजरे, कलिंगडे आणि कैऱ्यांचे ढीग वाढत जातात, आणि वैशाख जवळ आला की डोंगरची करवंदे दिसू लागतात.

मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत १८८६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने सुरू झाली. जोतीराव फुले यांनी नगरपालिकेचे सदस्य असताना, हा पैसा शिक्षणावर खर्च व्हावा म्हणून तिला विरोध केला होता, आणि पुढे त्यांचेच नाव तिला मिळाले, ही गोष्ट प्रत्येक पुणेकराने मुलांना येथे आणून सांगावी अशी आहे.

मी या बाजाराला पैकीच्या पैकी गुण देते ते मात्र येथील विक्रेत्यांच्या जाणकारीसाठी. कैरी मागितली की गाळ्यावरच्या मावशी आधी विचारतात, "पन्ह्याला हवी, का डाळीला?" पन्ह्यासाठी त्या भरपूर गराच्या मोठ्या कैऱ्या काढून देतात, तर आंब्याच्या डाळीसाठी किसायला सोप्या, घट्ट आणि आंबट. लोणच्याची कैरी विचारली तर "अजून बाठ धरली नाही ताई, थोडं थांबा," असे सांगून त्या हातचे गिऱ्हाईक परत पाठवतात, आणि असा सल्ला मला मोबाईलवरून भाजी मागवताना कधी मिळालेला नाही. चैत्रगौरीचे हळदीकुंकू महिनाभर कोणाच्या ना कोणाच्या घरी असतेच, त्यामुळे हरभरे, काकडी आणि गजरे घेताना ओळखीच्या बायका हमखास भेटतात, आमंत्रणे तिथल्या तिथे दिली जातात. पेठांतले वाडे सोडून कोथरूडला किंवा सिंहगड रस्त्याला राहायला गेलेल्या कितीतरी जणी या दिवसांत आवर्जून येथे येतात, आणि एवढ्या मोठ्या शहराच्या मध्यावर एखाद्या लहान गावातल्यासारखी विचारपूस ऐकू येते. मला हे फार मोलाचे वाटते.

गर्दी आणि वाहन लावायला जागा मिळण्याची अडचण मोठी आहे, तेव्हा गाडी नेऊच नये. सप्टेंबर २०२४ मध्ये भुयारी मेट्रोचे मंडई स्थानक सुरू झाल्यापासून ज्येष्ठांनाही येणे सोपे झाले आहे. सकाळी माल ताजा असतो, परंतु संध्याकाळच्या हळदीकुंकवासाठी मोगरा दुपारनंतर घेणे बरे.

हापूस घेताना मात्र चौकशी करावी. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील फळापुरतेच आहे. कर्नाटकातून येणारा आंबा दिसायला बराच सारखा असतो, म्हणून पेटी कुठल्या गावची आहे हे विचारावे, एक फळ कापून दाखवण्याची विनंती करावी आणि मगच भाव ठरवावा.