पीट मॉस की कोकोपीट?

गच्चीवर ब्लूबेरी आणि टोमॅटो लावायला निघालेल्या वहिनींनी विचारलं, कुंड्यांत काय भरू?

आधी पीट कुठून येतं ते बघा. कॅनडा, बाल्टिक देशांतल्या थंड पाणथळ जागी स्फॅग्नम शेवाळ मरतं, पण साचलेल्या पाण्यात प्राणवायू नसल्याने पूर्ण कुजत नाही. थरावर थर चढतो, वर्षाला जेमतेम 1 मिलिमीटर. म्हणजे हातभर पीटमागे काही शतकं. ते उपसलं की साठलेला कार्बन हवेत जातो. मनाला हे फार लागतं. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरलेला भुसा.

पाणी दोन्ही भरपूर धरतात. पण पीट पार वाळलं की पाणी वरूनच ओघळून जातं. कोकोपीट लवकर भिजतं. खर्चातही तेच परवडतं. त्याची खोड एकच, क्षार. कोकोपीटची दाबलेली वीट बादलीत भिजवून, पाणी दोन-तीनदा बदलून पिळून घ्या. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस निघतं.

पीट आम्लधर्मी, सामू (pH) 4च्या आसपास, आणि ब्लूबेरीला आम्लधर्मीच माती लागते. म्हणून ब्लूबेरीच्या कुंडीपुरतं पीट घ्या. टोमॅटो, मिरची, रोपांचे ट्रे यांना कोकोपीट, सोबत गांडूळखत. कारण अन्नद्रव्यं दोन्हींत नगण्यच.