अष्टविनायकासाठी चालकासह भाड्याची गाडी : काही महिन्यांचा अनुभव

गेले काही महिने आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींच्या अष्टविनायक यात्रेसाठी पुण्याहून गाडी ठरवायचं काम माझ्याकडे आहे. ठरावीक रकमेचं पॅकेज आणि किलोमीटरवर गाडी, दोन्ही वापरून झालं. आता मी किलोमीटरवरच घेते.

बाहेरगावच्या भाड्याला बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात. दोन दिवसांचे 600 झाले, आणि पुण्याहून आठही गणपती साधारण साडेसहाशेत होतात. म्हणजे किमान अंतराचे पैसे वाया जात नाहीत. पॅकेज कागदावर थोडं स्वस्त दिसतं, पण त्यात चालकाला लवकर परतायची घाई असते. सिद्धटेकला आजींना प्रदक्षिणा घालायची होती, तर खालून दोनदा फोन आला. देवळात माणूस घड्याळ बघत उभा राहिला तर यात्रा कसली?

काहींना शास्त्रोक्त क्रमच हवा असतो : मोरगावपासून सुरुवात, रांजणगाव झाल्यावर पुन्हा मोरगाव. यात सिद्धटेकहून थेट पालीला जावं लागतं, म्हणजे जिल्हे ओलांडून कोकणात उतरायचं आणि महड करून परत थेऊरला यायचं. पॅकेजवाले याला सरळ नाही म्हणतात. किलोमीटरच्या गाडीत तीन दिवस धरले की निवांत होतं.

क्रमाचा आग्रह नसेल तर पहिल्या दिवशी थेऊर, मोरगाव, सिद्धटेक, रांजणगाव आणि मुक्काम ओझरला. भक्तनिवासाची खोली आधी सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी उजाडताच लेण्याद्री. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि ऊन चढलं की वयस्कर माणसांचे हाल होतात. डोली मिळते, पण दर खालीच ठरवून घ्यावा. तिथून महड-पालीकडे निघताना चाकणची वाहतूक लक्षात घेऊन वेळ काढावा. तिथे आमचे तास गेलेत. संकष्टीला, त्यातही अंगारकीला, मी गाडी ठरवतच नाही.

गाडीबद्दल. सात आसनी सीएनजी गाडीत डिकीची जागा टाकी खाते, त्यामुळे सामानासाठी वर कॅरियर आहे का ते विचारा. गॅसच्या रांगेतही वेळ जातो. मागच्या सीटवर चढताना गुडघे दुखणाऱ्यांना फार त्रास होतो, म्हणून ज्येष्ठ जास्त असतील तर मी मोठी गाडी घेते आणि मागे तरुणांना बसवते. पाटी पिवळीच हवी. एका एजन्सीने ऐनवेळी पांढऱ्या पाटीची गाडी पाठवली, ती मी परत केली. खाजगी गाडी भाड्याने फिरवताना अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

चालकभत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल, पार्किंग आणि किलोमीटर त्यांच्या गॅरेजपासून मोजणार की आपल्या दारापासून, हे सगळं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. पत्ता देताना ‘खोपोलीजवळचं महड’ आणि ‘जुन्नरचं ओझर’ असं स्पष्ट सांगा, कारण नकाशा महाडला किंवा नाशिकच्या ओझरला नेऊन सोडतो.

चालक मात्र शक्यतो तोच मागा. आम्हाला आता ओळखीचे झालेले दादा लेण्याद्रीच्या पायथ्याशी गाडी अगदी जवळ लावतात, काठ्या काढून देतात आणि काकूंच्या गोळ्यांची वेळ झाली की चहाला थांबतात. त्यांची तारीख मिळत नसेल तर आम्ही यात्रा पुढे ढकलतो.